मेलेली मेंढी मोजता, न जन्मलेलं कोकरू कोण मोजणार?

पोस्ट मोठी आहे. पण पूर्ण वाचा, मग शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या.

गेले काही दिवस आपल्या जासई-उरण-पनवेल पट्ट्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "धनगरांचे वाडे आले आहेत. त्यांच्या मेंढ्यांनी रोग आणलाय. आपल्या शेळ्या मरतायत. यंदा कोणी त्यांना शेतात उतरू देऊ नका." खाली अंगठ्यांची रांग. एकाने तर लिहिलंय, "दिसले की हाकला."

ज्यांच्या शेळ्या मेल्या त्यांचं दुःख मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे शेळी म्हणजे घरातल्या बाईची बँक असते. पोराची फी, दवाखाना, सणवार, काहीही अडलं की एक बोकड विकला जातो. चारातल्या दोन शेळ्या गेल्या तर अर्धी बँक बुडाली. राग येणारच. मलाही आला होता. म्हणून मेसेज पुढे ढकलण्याआधी मी स्वतः वाड्यावर जाऊन आलो.

जे बघितलं ते सांगतो.

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात वाघर लावलेली, बाजूला घोडी बांधलेली, तीन दगडांची चूल. अडीचशेच्या आसपास मेंढ्या. मी सरळ विचारलं, "किती मेल्या?" म्हातारे बाबा म्हणाले, "सात." मला वाटलं, सातच? एवढ्यासाठी एवढा गवगवा? तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या मावशी बोलल्या, "मेलेल्या दिसत्यात दादा. गाभडलेल्या कोण बघतंय?"

मग त्यांनी एकेक मेंढी दाखवायला सुरुवात केली. हिने दिवस भरायच्या आत टाकलं. हिला झालं, पण कोकरू उभंच राहिलं नाही. हिच्या सडांवर फोड आले, पिल्लाला जवळ येऊ देत नाही. ही बरी झाली, पण खुरं दुखतात, चार कोस चाललं की मागे पडते. हा नर आजारातून उठला, पण यंदा माद्या गाभण राहतील का, सांगता येत नाही. कळप लांबून बघितला तर चांगला भरलेला. जवळ जाऊन बघितला तर निम्मा कळप जिवंत आहे, पण कामातून गेलेला.

आज मला हेच बोलायचंय. आपल्याकडे रोगाचा हिशेब मेलेल्या जनावरावरून होतो. पंचनामा मेलेल्याचा, बातमी मेलेल्याची, फोटो मेलेल्याचा. जी मेंढी जगली पण व्यायली नाही, जे कोकरू जन्मलंच नाही, जे जन्मलं पण वाढलं नाही, ते कुठल्याच कागदावर येत नाही. आणि मेंढपाळ बुडतो तो तिथे.

साधा हिशेब घालून बघा. आकडे मी समजायला सोपे धरलेत, आपापल्या भावाने बदलून घ्या. शंभर माद्यांचा कळप. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. चांगल्या वर्षी 85 कोकरं झाली, त्यातली 75 विकण्याएवढी झाली, एकाचे सहा हजार धरा. साडेचार लाख. आता रोगाचं वर्ष. पाच माद्या मेल्या, दहा हजारांप्रमाणे पन्नास हजार गेले. वीस गाभडल्या, म्हणून कोकरं झाली 65. त्यातली 15 दगावली, उरली 50. तीही खंगलेली, म्हणून भाव पाच हजार. झाले अडीच लाख. म्हणजे कोकरांतच दोन लाखांचा खड्डा. मेलेल्या मेंढ्यांचं नुकसान पन्नास हजार, आणि जिवंत राहिलेल्या कळपाचं नुकसान त्याच्या चौपट. पंचनामा मात्र फक्त त्या पाचांचा, तोही झाला तर.

आणि हे एका वर्षात संपत नाही. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. गाभडलेली मेंढी सावरून पुन्हा लागेपर्यंत हंगाम सरतो. कोकरं कमी, म्हणून पुढच्या वर्षी कळपात ठेवायला माद्या कमी. सावकाराचं देणं तेवढंच. लोकरीला आज भाव नाही, घोंगडी विणणारे हात कमी झाले, कळपाची सगळी कमाई कोकरावर आहे. कोकरू गेलं की वाडा बसला.

आता रोगांबद्दल. "रोग आणला" म्हणतात तो कुठला? रक्ताचा नमुना तपासल्याशिवाय आपल्या पट्ट्यात यंदा कुठला आहे हे कोणी छातीठोक सांगू नये, मीही सांगत नाही. पण मेंढ्यांच्या कळपात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेले विषाणू माहितीतले आहेत.

पहिला पीपीआर. शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी. ताप, नाकातोंडातून घाण, तोंडात फोड, हगवण, निमोनिया, गाभण असेल तर गाभडणे. माणसाच्या गोवराचा आणि गुरांच्या जुन्या बुळकांडीचा हा भाऊबंद, पण माणसाला होत नाही. भारतात तो पहिल्यांदा नोंदवला गेला 1987 साली, तामिळनाडूत.

दुसरा नीलजिव्हा, निळ्या जिभेचा रोग. आपल्या देशात त्याची पहिली नोंद 1964 सालची, आणि तीही महाराष्ट्रातली. साठ वर्षं झाली! हा चिलटासारख्या बारीक किड्यांमुळे पसरतो, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. तोंड सुजतं, खुरांच्या वरच्या कडेला दाह होतो, लोकर गळते, गाभ पडतो, नर काही काळ निकामी होतो. जगलेली मेंढी अंगावर यायला महिने घेते.

तिसरी मेंढ्यांची देवी, आणि चौथा मावा. माव्यात कोकराच्या ओठांवर खपल्या धरतात, त्याला आचळ धरवत नाही. माव्याचा विषाणू गळून पडलेल्या खपलीत महिनोन्महिने टिकतो. मेंढी बरी होते, बसायची जागा बरी होत नाही.

आता कोणी म्हणेल, पीपीआर तर आठ-पंधरा दिवसांचा आजार, त्याला जुनाट कसा म्हणता? बरोबर आहे. एका मेंढीला तो पंधरा दिवसांचाच. मेली तर मेली, वाचली तर तिला तो पुन्हा सहसा होत नाही. पण कळपाला तो जुनाटच आहे. कारण दरवर्षी कळपात नवी कोकरं येतात. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण तीन-चार महिन्यांत संपतं, आणि विषाणूला नवं घर मिळतं. मेंढ्या बदलतात, विषाणू तोच राहतो. ज्या कळपाला लस नाही, त्या कळपाचा हा कायमचा भाडेकरू.

आणि इथेच डोकं फिरतं, कारण पीपीआरवर लस आहे. आपल्याच देशात, मुक्तेश्वरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार झालेली. एकदा नीट टोचली की किमान तीन वर्षं संरक्षण. म्हणजे एकदा सगळा कळप टोचला, की पुढची दोन वर्षं फक्त नवी कोकरं टोचायची. माणसाच्या गोवराइतकं सोपं. गुरांची बुळकांडी याच मार्गाने संपवली, 2011 साली जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. पीपीआरसाठी 2030 ची मुदत ठरलेली आहे, आपल्या सरकारनेही ती मान्य केली आहे. पुण्यात औंधला राज्याची स्वतःची लस बनवणारी संस्था आहे. लस आहे, संस्था आहे, मुदत आहे. मग वाड्यावर लस का नाही?

त्या बाबांनी सांगितलं ते ऐका. ते घाटावरचे. दसरा-दिवाळीनंतर निघतात, घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. कोणी बोरघाटाने, कोणी माळशेजने. गावात लसीकरणाची मोहीम येते तेव्हा हे वाटेवर. वाटेवर एका ठिकाणी दवाखान्यात गेले तर विचारलं, "गाव कुठलं? मग तिकडेच टोचून घ्या ना. आमच्याकडे डोस इथल्या जनावरांच्या यादीप्रमाणे आलेत." गावात गेले तर, "तुम्ही तेव्हा नव्हता, मोहीम संपली." कुठल्या दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण दोष त्या एका डॉक्टरचा नाही. त्याला डोस मोजून मिळतात आणि हिशेब मोजून द्यावा लागतो. दोष त्या यादीचा आहे, जिला एका जागी उभी असलेलीच मेंढी दिसते.

गंमत बघा. जनावराच्या कानात 12 आकडी बिल्ला मारायची मोहीम याच सरकारची. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नको, वाहतूक नको, असा नियमही राज्याने 2024 साली आणला. अहो, मग तो बिल्ला मेंढीच्या कानात आहे, गावाच्या वेशीला नाही! नंबर टाकला की ती कुठली, कधी टोचली, सगळं दिसायला हवं. मेंढी खोपोलीत टोचली काय, पेणला टोचली काय आणि पारनेरला टोचली काय, काय फरक पडतो?

आता योजनांकडे वळू. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना, 2017 पासून. 20 माद्या आणि 1 नर, 75 टक्के अनुदान. शेजारच्या तेलंगणातही 2017 सालीच हाच 20 अधिक 1 चा हिशेब. फोटो छान येतात. मंत्री, हार, मेंढ्या. माझा योजनेला विरोध नाही. पण निरनिराळ्या बाजारांतून गोळा केलेल्या मेंढ्या एकत्र आणून, तपासणी आणि लस यांची खात्री न करता गावोगाव वाटल्या, तर आपण मेंढ्यांबरोबर आणखी काय वाटतो, याचा विचार कोणी करायचा?

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. आइसलँड नावाचा देश आहे, मेंढ्यांवर जगलेला. त्यांनी 1933 साली जात सुधारायची म्हणून जर्मनीहून काराकुल मेंढ्या आणल्या. किती? वीसच! दिसायला ठणठणीत. वेगळ्या ठेवून बघितल्या, काही आढळलं नाही, म्हणून शेतकऱ्यांना वाटल्या. त्या मेंढ्यांच्या अंगात सावकाश वाढणारे विषाणू होते. एकाचं नाव पुढे तिथल्याच भाषेत पडलं 'मेडी', म्हणजे धाप. लागण झाल्यावर मेंढी दोन-तीन वर्षं आणि त्याहून जास्तही काही दाखवत नाही. मग खंगते, धापा टाकते, कास दगडासारखी होते, दूध आटतं, कोकरं अशक्त. उपाय नाही, लस नाही. लाखावर मेंढ्या मेल्या, आणि रोग काढायला त्याच्या कितीतरी पट कापाव्या लागल्या. देश त्यातून मोकळा झाला 1965 साली. वीस मेंढ्यांचा हिशेब फेडायला तीस वर्षं!

या गटातल्या विषाणूंच्या नोंदी आपल्या देशातही झालेल्या आहेत. म्हणून म्हणतो, वीस मेंढ्या देताना एकवीस नमुने तपासा. अनुदानाच्या मानाने तो खर्च चिल्लर आहे.

आणि सरकारला जमत नाही असं कोणी सांगू नये. 2022 साली लम्पी आला तेव्हा काय झालं आठवा. महाराष्ट्रात काही महिन्यांत गोठ्यागोठ्यांत जाऊन गाईगुरांना लस टोचली, फुकट. मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार मदत जाहीर केली. चांगलं केलं, मनापासून सांगतो. पण ती लस कुठली होती माहीत आहे? शेळ्यांच्या देवीची! शेळीसाठी बनलेली लस गाईला टोचून गाय वाचवली. शेळीची लस गाईपर्यंत धावत पोचली, पण शेळीमेंढीपर्यंत पोचायला तिला रस्ता सापडत नाही. आपत्तीत मेंढी वाहून गेली तर ठरलेली मदत आहे, चार हजार. वाड्यावर रोगाने मेली तर धनगराने हात जोडून आभाळाकडे बघायचं.

का? कारण गाईला मत आहे, गोठा आहे, दूध डेअरी आहे, चेअरमन आहे. मेंढीला वाट आहे. वाटेला मतदारसंघ नसतो.

आता आपल्या बाजूचं बोलू. मेसेज लिहिणाऱ्यांनो, तुमचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. लस नसलेला कळप रोग घेऊन फिरू शकतो, हे खरं आहे. पण रोग फक्त पायी येतो का? तो टेम्पोतूनही येतो. बकरी ईदच्या आधी देवनारला लाखाच्या वर बकरे येतात, राज्याबाहेरूनही. आपण स्वतः आठवडी बाजारातून बोकड आणतो आणि त्याच दिवशी आपल्या शेळ्यांत बांधतो. पंधरा दिवस वेगळा ठेवला कधी? आपल्या शेळ्यांना पीपीआरची लस कधी दिली, आठवतं? मी शेजारपाजारी आठ घरांत विचारलं. एकाच घरात "बहुतेक दिली होती" असं उत्तर मिळालं. मग धनगराच्या मेंढीला तोंड वर करून काय बोलणार?

आणि धनगर बांधवांनाही दोन शब्द, कारण पोस्ट एकतर्फी नको. लस दिली की गाभडते म्हणून टोचणाऱ्याला परत पाठवणारे तुमच्यात आहेत. आजारी दिसली की पटकन विकून मोकळं होणारे आहेत. त्या विकलेल्या मेंढीबरोबर रोग दुसऱ्याच्या दावणीला जातो. गाभण मेंढीला धावपळ करून, उन्हात धरपकड करून टोचलं तर त्रास होतो, तुमची भीती त्यातून आली आहे, मान्य. पण त्यावर उपाय योग्य वेळ निवडण्याचा आहे, लस नाकारण्याचा नाही. म्हणूनच लस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी मिळाली पाहिजे.

एक शेवटची गोष्ट, जी खरं तर आपल्या गावाची आहे.

आपण जासईकर. दि. बा. पाटलांच्या गावचे. 1984 च्या जानेवारीत 16 आणि 17 तारखेला या मातीत पाच जण हुतात्मे झाले. कशासाठी? सरकारच्या कागदावर आपली जमीन होती, पण माणूस नव्हता. सातबारावर एकर दिसत होते, त्यावर जगणारी घरं दिसत नव्हती. नोंदीत नसलेल्या माणसाचं काय होतं हे या महाराष्ट्रात आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळतं? दरवर्षी 16 जानेवारीला आपण हुतात्म्यांना वंदन करतो. आणि त्याच महिन्यात, नोंदीत नसलेला दुसरा माणूस आपल्या शेताच्या कडेला मेंढ्या घेऊन उभा राहिला की म्हणतो, हाकला?

ज्या शेतात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या बसवत आले, रात्रीच्या लेंड्यांचं खत देऊन भात घेऊन गेले, त्यातली किती शेतं उरली? बंदर आलं, कंटेनर यार्ड आली, पूल आला, विमानतळ आला. आपली शेतं गेली तशी त्यांची चरणंही गेली. पूर्वी दहा शेतांत पसरणारे वाडे आता एका तुकड्यावर दाटीने बसतात. दाटी झाली की श्वासातून पसरणारा रोग जोरात पसरणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून मागण्या. भाषण नको, या पाच गोष्टी करा.

1. घाटांच्या पायथ्याशी, खोपोली आणि मुरबाडच्या बाजूला, दिवाळीनंतरचे दोन महिने शेळ्यामेंढ्यांची लसीकरण केंद्रं चालवा. जिल्हा कुठला हे विचारू नका, कानातला बिल्ला बघा. नोंद त्या नंबरवर करा.

2. ज्या गावात वाडा उतरतो, त्या गावातल्या शेळ्यांनाही त्याच वेळी लस द्या. एकाला टोचून दुसऱ्याला सोडलं की पैसे पाण्यात.

3. रोगाच्या नोंदीत मेलेल्यांबरोबर गाभडलेल्या आणि तीन महिन्यांच्या आत दगावलेल्या कोकरांचा रकाना ठेवा. 21 व्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद घ्यायचं ठरलं, चांगलंच झालं. पण डोकी मोजून उत्पन्न कळत नाही.

4. अनुदानाच्या प्रत्येक कळपाची वाटपाआधी तपासणी, लस आणि काही दिवस वेगळी ठेवण. त्याशिवाय हार-फोटो नको.

5. गाभडलेल्या मेंढीचे नमुने घ्यायला माणूस वाड्यावर आला पाहिजे. पुण्याला रोग अन्वेषण विभाग आहे, पण मेंढपाळ अडीचशे मेंढ्या सोडून नमुना घेऊन पुण्याला जाणार नाही.

आणि आपण काय करायचं? येत्या ग्रामसभेत "धनगरांना बंदी" असा ठराव कोणी आणणार असेल, तर मी त्याच सभेत "गावातल्या सगळ्या शेळ्यांना आणि शिवारात उतरलेल्या सगळ्या मेंढ्यांना लस" असा ठराव मांडणार आहे. ज्यांना पटतं त्यांनी हात वर करायला या. तोवर शेळी आजारी दिसली तर 1962 वर फोन करा, आजारी जनावर वेगळं बांधा, आणि बाजारात नेऊ नका.

तो मेसेज पुढे पाठवण्याआधी एकदा वाड्यावर जाऊन या. मेंढ्या किती मेल्या हे विचारू नका. कोकरं किती हवी होती आणि किती आहेत, एवढंच विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो. फक्त ज्यांच्याकडे शेळी नाही, मेंढी नाही आणि नुसता अंगठा आहे, त्यांनी जरा दमानं घ्या.